शेवटच्या ओळीतलं नाव

"नाव?" फळ्यांचं बिल लिहून नंदिनीनं मान वर न करता विचारलं.

"प्रशिक गजभिये. खापरखेडा."

तिचं पेन थांबलं.

नागपूरच्या लकडगंजात भैयाजींच्या लाकडाच्या वखारीत ती बिलं लिहायची. मागे दिवसभर आरा मशीन किंचाळत असे, पुढे गिऱ्हाइकं उभी असत आणि केसांना सागाचा भुसा चिकटलेला असे. कितीतरी नावं तिच्या हातून लिहिली जात. पण हे नाव... हे तिनं बिलावर कधीच लिहिलं नव्हतं. दुसरीकडे मात्र कितीदा तरी!

ते दिवस ब्लॉगचे होते. फोनवरचे ग्रुप अजून सुरू व्हायचे होते. संध्याकाळी हुडकेश्वरला घरी आली की नंदिनी इंटरनेटवर काहीबाही वाचत बसायची आणि आवडलेल्या लेखाची नोंद 'आजचं वाचन' नावाच्या ब्लॉगवर ठेवायची. कुणीही यावं, वाचावं. लेखाचं नाव, त्याची लिंक आणि खाली तिची एक ओळ. 'मुंग्या रांगेत का चालतात. गॅसवर दूध ठेवून हा लेख उघडू नये.' सगळ्यात शेवटी, लेख ज्यानं सुचवला त्याचं नाव: 'अमक्यामुळे'. आपल्याला कुणी काही चांगलं वाचायला दिलं, तर त्याचं नाव सांगायचं, हा तिचा नियम होता. तिचं स्वतःचं नाव मात्र ब्लॉगवर कुठेच नव्हतं.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला असलेला कुणी प्रशिक तिला ईमेलनं लेख पाठवायचा. आधी अधूनमधून, मग दर आठवड्याला, मग... शेवटच्या ओळीत 'प्रशिकमुळे' इतक्या वेळा येऊ लागलं की धाकटी बहीण मेघा एकदा हसत म्हणालीच, "काहून वं ताई, बाकीच्यायले वाचता येत नाही का?"

आणि नेमका तेव्हाच त्यानं सारस पक्ष्यांवरचा लेख पाठवला. जोडीदारासमोर पंख पसरून नाचणारे, उंच मानेचे सारस. नंदिनीनं तो पुन्हा पुन्हा वाचला. नोंद लिहिली. शेवटची ओळही लिहिली... आणि मेघाचं हसू आठवून ती पुसून टाकली. नोंद तशीच, नावाशिवाय गेली. कान नुसते तापले होते.

त्यानंतर खापरखेड्याहून मेल आली नाही. दिवाळी गेली, थंडी पडली. रोज ती उघडून बघायची. विचारावंसं वाटायचं, पण विचारणार काय?

आणि आता तो समोर उभा होता. सावळा, किडकिडीत, चौकटीच्या शर्टाची बाही भुशानं माखलेली.

"फळ्या कशासाठी?" तिनं विचारलं.

"जी?" मशीनच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही.

"फळ्या! कशाला पाहिजेत?"

"वाचनालयाले! कॉलनीतल्या पोट्ट्यांसाठी कपाट बनवून राहिलो. अन् एक बोर्ड. एका ब्लॉगमधले लेख छापून लावतो मी त्याच्यावर."

"कोणाचा ब्लॉग?"

"आहेत एक बाई. नागपूरच्याच. रिटायर मॅडम असतील शाळेतल्या."

"रिटायर?"

"साठीच्या तरी असतीलच. लिहिण्यावरून समजते ना."

नंदिनीनं पेनाला टोपण लावलं. मग काढलं. "त्यांना पाठवता का तुम्ही काही?"

"पाठवत होतो. आता बंद केलं."

"काहून?" दुकानात ती जपून बोलायची; पण घरचा शब्द आपसूक निघून गेला.

"काय?"

"काहून बंद केलं म्हटलं!"

तो टेबलावर वाकला आणि जीव खाऊन ओरडला, "तिनं माझं नाव काढून टाकलं!"

त्याच क्षणी लाइट गेली. मशीन गप्प झाली. साऱ्या वखारीत त्याचं ते एकच वाक्य उरलं. हमाल वळून बघू लागले. गादीवरून भैयाजींनी चष्मा वर केला. "कोणी काढलं गा? राशन कार्डातून का?"

प्रशिक लाजेनं फळ्यांकडे बघत राहिला. नंदिनीला हसू आवरेना. "लाइट तुमच्या खापरखेड्यातूनच येते ना? मग गेली कशी?"

"मी इथं उभा आहे ना," तो पुटपुटला. "तिकडं बटन कोण दाबन?"

आता ओरडायची गरज नव्हती. दोघांनाही एकदम आपले आवाज मोठे वाटू लागले. पत्र्यावर एक कबुतर टकटक चालत होतं.

"नावासाठी एवढा राग?" ती हळूच म्हणाली.

"राग नाही वो. वाटलं... जास्तच बोलून गेलो मी. आवडलं नसन त्याहिले."

"मग साठीच्या बाईले सारस कशाले पाठवायचे?"

त्यानं मान वर केली.

"मी... सारस म्हटलंच नाही."

नंदिनीनं पटकन बिल ओढलं. त्यावर लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"तुम्ही?"

"साठीची दिसून राहिली का मी?"

"नाही," तो म्हणाला. मग, अगदी हळू, "मले पण नव्हतं वाटत तसं. अनोळखी पोरीजवळ खरं काय सांगाव, म्हणून साठीच्या म्हटलं... पण नाव काहून काढलं?"

तिनं भैयाजींकडे पाहिलं. हमालांकडे पाहिलं. ओठ उघडले, सांगितलंही... आणि लाइट आली. मशीन पुन्हा किंचाळली.

"काय?" तो ओरडला.

तिनं मान हलवली. बिल फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'संध्याकाळी ब्लॉग पाहा,' आणि त्याच्या हातात दिलं.

संध्याकाळी नोंद आली. लेखाचं नाव नव्हतं. लिंक नव्हती. एकच ओळ होती:

'आज काहीच वाचून झालं नाही.'

आणि खाली, शेवटच्या ओळीत:

'प्रशिकमुळे.'

दुसऱ्या दिवशी त्यानं ती नोंदही छापून नव्या बोर्डवर लावला. कॉलनीतली पोट्टी घोळका करून उभी राहिली. "प्रशिकदादा, यात लेख कुठं आहे गा?" दादा नुसता हसत राहिला.

'आजचं वाचन' अजूनही आहे. आता त्यातल्या बहुतेक लिंका उघडत नाहीत. मुंग्या गेल्या, सारसही कुठे उडून गेले. हुडकेश्वरच्या गच्चीत चहाचे कप घेऊन दोघं कधीतरी जुन्या नोंदी वाचत बसतात. सारसांच्या नोंदीशी आले की प्रशिक न चुकता विचारतो, "पण तेव्हा नाव काहून काढलं होतं?"

"सांगितलं होतं ना तेव्हाच," नंदिनी म्हणते. "तुमचीच लाइट मधात आली."