पाहणी सकाळी आठला

अमरावतीतल्या एका दवाखान्यात सकाळी आठ वाजता आचलला पाण्याच्या बाटलीचं झाकण काही केल्या उघडेना. शेजारी बसलेल्या तरुणानं न विचारताच बाटली घेतली, झाकण फिरवलं नि परत दिली.

"सकाळी असंच असते," तो हळूच म्हणाला. "अकरा वाजेपर्यंत बोटं ऐकत नाहीत. माह्या आईचंही तसंच आहे."

आचलला राग आला. सव्वीस वर्षांच्या पोरीचं दुखणं कुणी असं एका नजरेत ओळखावं? पण राग येऊनही तिनं पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि तिथेच सगळं बिघडलं बघा!

तो सुमेध. बडनेऱ्याचा, रेल्वेत नोकरीला, आई मनकर्णाबाईंना दाखवायला आलेला. दोघींचं दुखणं एकच, संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं आणि आतली सूज उतरायचं नाव घेत नाही. आचलचं दोन वर्षांचं, मनकर्णाबाईंचं वीस वर्षांचं. त्यांची बोटं तर पार वाकडी झालेली. डॉक्टरांनी आचलला बजावलं होतं की गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि त्यांच्या जोडीला खाणं, चालणं, झोपही सुधारायची.

मग छत्री तलावावर चालणं सुरू झालं. सुमेध ड्यूटीआधी बडनेऱ्याहून यायचा. तळलेला गिलावडा बंद, बिस्किटं बंद, चहातली साखर बंद, रात्री दहाला मुकाट्यानं झोप… त्याचे हुकूम संपतच नसत.

"तुमी डॉक्टर आहात काय?" तिनं एकदा विचारलं.

"नाही. पण भाकरी मीच थापतो. खाऊन पाहा… मग बोला."

डब्यात ज्वारीची भाकरी होती, वर जवसाची चटणी. खाताना तिनं मान वर केली नाही. केली असती तर चेहऱ्यावरचं सगळं त्याला वाचता आलं असतं. चार महिन्यांत रक्ताच्या तपासणीत सूज निम्म्यावर आली, बोटं नऊलाच मोकळी होऊ लागली. आणि एका सकाळी, ती मोकळी व्हायच्या आधीच, त्यानं ती आपल्या हातात धरली… दोघंही तलावाकडे बघत राहिले.

आता घरची गोष्ट. आचलची आई कौशल्याबाई पाहुण्यांना नेहमी संध्याकाळी पाचला बोलवायची. तोवर पोरीची बोटं सुटत, पोह्यांची बशी थरथरत नसे, दुखणं झाकलं जाई. तरी दोन स्थळं कुणकुण लागताच मोडली होती. सुमेधची आई येणार म्हटल्यावरही तिनं पाचच सांगितले. आचलनं मात्र हट्टानं फोन करून सकाळचे आठ ठरवले. जिथे जन्म काढायचा तिथे लपवाछपवी नको, बस्स.

मनकर्णाबाई आल्या. पोहे बाजूला सारून त्यांनी आचलचा हात आपल्या वाकड्या बोटांत घेतला, एकेक सांधा चाचपला. बराच वेळ सोडला नाही.

"पोरगी लाखाची आहे," त्या म्हणाल्या. "पण मले हे जमनार नाही."

हिचं वेळेवर सापडलं, तुले तेव्हा औषध-पथ्य कोणी सांगितलंच नाही, असं सुमेध परोपरीनं समजावू लागला. त्यांनी आचललाच विचारलं, पुढं बोटं वाकडी होणार नाहीत याची हमी आहे का. आचलनं नकारार्थी मान हलवली. औषध, खाणं, चालणं सगळं करीन म्हणाली, पण हमी नाही.

"दहाव्या वर्षापासून हा माह्यापायी चुलीपाशी बसला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता बायकोपायी बसनार."

"मी रडलो काय कधी, आई?"

"मी रडली."

कौशल्याबाईंनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला.

दारात सुमेध घुटमळला. आईची समजूत काढतो, थोडी थांब, म्हणाला. किती थांबू, असं आचलनं विचारलं तर तो पुढं गेलेल्या आईकडे बघू लागला. आईला टाकून येणारा तो नव्हता. तसा असता तर आचलचा जीव त्याच्यावर जडलाच नसता.

"माहा जीव आहे तुमच्यावर," ती म्हणाली. "म्हणून सांगते… उद्यापासून तलावावर येऊ नका."

तो गेला. आचल खूप रडली. आईनं वाढलेली भाकरी तिनं रडत रडतच खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, कारण गोळी उपाशीपोटी घ्यायची नव्हती.