तिसरी काच

काच पहिली. शाबूत.

"म्याडम, बारवीवर या. जल्दी या. गुरुजी सापडून नाई राह्यले."

खुशालरावांचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते आणि देवश्री शाळेच्या व्हरांड्यात बारवेचे नकाशे टांगत होती. हातातली सुतळी तिथंच टाकून ती निघाली. शाळेपासून बारव तीनशे पावलांवर. ती तीनशे पावलं कशी संपली, ते तिला कळलं नाही.

डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आदल्या संध्याकाळी नारायण गुरुजींचा फोन आला होता. "पोरी, भिंतीचं बोलायचं आहे. फोनवर नको, येऊन बघ." आणि ती म्हणाली होती, "उद्या बघू या, गुरुजी."

बारवेच्या काठाशी वहाणांची रांग लागली होती. आसरखेडात कुणी पायताण घालून बारवेत उतरत नाही. पहिल्याच पायरीशी साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवतांचे, शेंदूर माखलेले दगड आहेत. देवश्रीच्या कामाच्या बुटांना तेवढी गावानं नाइलाजानं सूट दिली होती.

खाली चौघं जण पाण्यात गळ टाकत होते. शेवटच्या कोरड्या पायरीवर, पाण्याला लागून, गुरुजींच्या वहाणा होत्या. शेजारी काठी.

दगडांपाशी दुर्गाबाई बसली होती. रोज सकाळी आसरांना दिवा लावणारी म्हातारी.

"तीन-तीन पंप लावून दोन दिवसात आसरायचं घर उपसलं तुमी. आता भोगा. माणूस तं नेलाच, त्याच्या वहाणाबी वरून खाली ओढून नेल्या."

गळ टाकणाऱ्यांतल्या एकानं हळूच हात जोडले.

आता भीती नेमकी कशाची होती तेही सांगायला हवं. वारसा सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. दुपारी चार वाजता दोनशे चाळीस शाळकरी मुलं या पायऱ्यांवर बसून गाणी म्हणणार होती. संवर्धन आराखड्याला मंजुरी देणारी समिती ते बघायला येणार होती. आणि 'बारव बसण्यास सुरक्षित आहे' या पत्राखाली सही होती देवश्रीची.

काच दुसरी. शाबूत.

घाबरली की देवश्री काम करते. तिनं काचा तपासायला घेतल्या.

डावीकडच्या भिंतीला पाच भेगा होत्या. महिन्याभरापूर्वी प्रत्येक भेगेवर तिनं एक काचपट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, गोळ्यावर खिळ्यानं कोरलेली तारीख. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. पुष्कर सरांनी तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेली युक्ती. ती नोकरीला होती ते अमरावतीचं वास्तुसंवर्धनाचं ऑफिस सरांचं. हा आराखडाही सरांचाच, बारा वर्षं उरी बाळगलेला.

पाचही काचा शाबूत होत्या.

तिनं श्वास सोडला. शुक्रवारी पायऱ्या पाइपनं धुतल्या होत्या, त्याचे गाळाचे शिंतोडे अजून काचांवर वाळलेले होते. पहिलीवर, दुसरीवर, चौथीवर, पाचवीवर. तिसरी तेवढी लख्ख. कुणीतरी पुसली असेल. तिनं गोळ्यावर बोट टेकवलं. पांढराशुभ्र आणि गार.

काठावर कुणीतरी लाउडस्पीकर तपासत होतं. गाणं मध्येच लागायचं, मध्येच तुटायचं. त्या आवाजात स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

काच चौथी. शाबूत.

पातूरहून फौजदार आकांक्षा आली. तिशीच्या आतली, आवाज न चढवणारी. सगळ्यांना तिनं काठावरच्या लिंबाखाली एकेक करून बोलावलं.

आधी खुशालराव. उत्सव समितीचे अध्यक्ष. बारवेला लागून त्यांचं वावर.

"गुरुजींशी तुमचं भांडण झालं होतं?"

"भांडण कायचं? बोलाचाली. ते म्हणत, बारव एकदम उपसू नका. भिंतीमांगं काळी माती पाणी पिऊन फुगली आहे, आतून पाण्याचाच टेका आहे भिंतीले. म्या म्हटलं, समिती का शेवाळ पाह्यले येऊन राहिली?"

"उपसायचं ठरवलं कुणी?"

"पुष्कर सायबानं. पंप माहे."

"आज सकाळी कुठे होता?"

"वावरात. एकटाच. कपाशी साक्ष देत असीन तं विचारा तिले."

"विनोद नको, काका. बारवेत खोली आहे म्हणतात."

"कोठडी आहे ना. मधल्या टप्प्यावर, डाव्या भिंतीत. चुन्याची पोती ठेवली तिथी. कुलूप आहे बाहेरून. चाव्या दोन. एक माह्या कमरेले, एक या म्याडमच्या हापिसात."

मग दुर्गाबाई.

"गुरुजींना शेवटचं कधी पाहिलं?"

"साडेसात वाजले असतीन. मी दिवा लावून निंघाली अन् ते उतरून राह्यले होते."

"अनवाणी?"

"मंग का बूट घालून? चाळीस वर्सं शाळेत शिकवलं त्यायनं, त्यायले इतकंबी समजत नाई का?"

शेवटी पुष्कर सर. पन्नाशीचे, खादीचा कुर्ता, चष्मा हातात.

"पहाटे सहाला अमरावती सोडली. चहालाही थांबलो नाही. साडेनऊला पोचलो आणि हे कानावर आलं. नारायणराव माझे जुने स्नेही. फार वाईट झालं."

"कार्यक्रम रद्द करताय?"

"रद्द करून ते परत येणार आहेत का? समिती निघालीसुद्धा. मुलांना चारऐवजी पाचला बसवू."

देवश्री शेजारीच उभी होती. सरांचा आवाज नेहमीसारखा शांत होता. आज पहिल्यांदाच तिला त्या शांतपणाची भीती वाटली.

काच पाचवी. शाबूत.

"देवश्री, गाडीतला मोठा टॉर्च आण," सर म्हणाले.

गाडी शाळेमागच्या मैदानात, व्हरांड्यातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात, उघड्यावर उभी होती. टॉर्च घेऊन दार लावताना ती थबकली. पुढच्या काचेवर धुळीचा थर होता आणि त्या थरातून दवाचे ओघळ वाळून वरपासून खालपर्यंत रेघा उमटल्या होत्या. वायपरची कमान कुठंच नव्हती.

नोव्हेंबरात पहाटे सहाला निघालेल्या माणसाला वायपर फिरवल्याशिवाय रस्ता दिसला तरी कसा?

ती बारवेकडे परतली आणि पायरीवर पाय ठेवणार तोच दुर्गाबाई कडाडली.

"आज तरी ते बूट काढ, पोरी! अजून कोनाले नेऊ देतं का?"

देवश्रीनं निमूटपणे बूट काढले, रांगेत ठेवले. दगड गार लागला. दहा पायऱ्या ती अनवाणी उतरली आणि तिथंच थांबली.

गुरुजी अनवाणी उतरले होते. म्हणजे वहाणा वरच्या रांगेत राहिल्या होत्या. मग त्या खाली गेल्या कशा? आसरांनी ओढल्या नसतील, तर माणसानं नेल्या. आणि माणसानं नेल्या असतील, तर गुरुजी पाण्यात आहेत हे सगळ्यांना वाटावं म्हणूनच नेल्या.

मग गुरुजी पाण्यात नाहीत.

सगळी बारव शोधून झाली होती. एक जागा सोडून.

"खुशालराव! कोठडीची चावी द्या!"

"कुलूप तं बाहेरून आहे, म्याडम. आत कोन असनार?"

"म्हणूनच. द्या आधी!"

लोखंडी दार उघडलं तेव्हा आतून चुन्याचा भपकारा आला. पोत्यांच्या मागं, भिंतीशी, गुरुजी कुशीवर पडले होते. अनवाणी. ओठ पांढरे. देवश्रीनं नाकाशी हात धरला. श्वास लागतोय की नाही ते लगेच समजेना.

लागत होता. अगदी बारीक.

"साखरेचा आजार आहे त्यायले," खुशालराव ओरडले. "सकाळपासून पोटात काई नाई!"

चौघांनी गुरुजींना उचलून वर नेलं. ॲम्ब्युलन्स अकोल्याच्या दिशेनं सुटली. आणि फौजदार आकांक्षानं खुशालरावांचं मनगट धरलं.

"चावी तुमच्या कमरेला. भांडण तुमचं. सकाळी एकटे."

उन्हातान्हात रापलेला तो माणूस कागदासारखा पांढरा पडला.

काच तिसरी.

"त्यांचा हात सोडा, मॅडम."

देवश्रीला स्वतःचाच आवाज परका वाटला. मधल्या टप्प्यावर ते पाच-सहा जण होते. खुशालराव, फौजदार, गळवाले आणि दोन पायऱ्या वर पुष्कर सर.

"आधी वहाणा. त्या खाली नेऊन ठेवणाऱ्याला भानच राहिलं नाही की या गावात बारवेत वहाण उतरत नाही. खुशालरावांचे पाय बघा. इतक्या घाईतही ते अनवाणी उतरलेत. आसरखेडचा माणूस असं सोंग रचेल तर वहाणा वरच ठेवेल. हे बाहेरच्या माणसाचं काम आहे."

"बाहेरची तर तूही आहेस," पुष्कर सर म्हणाले.

"आहे ना. म्हणून दुसरी गोष्ट. ही काच." तिनं भिंतीकडे बोट केलं. "बाकीच्या चारांवर शुक्रवारचा गाळ आहे. हिच्यावर नाही. मला वाटलं, कुणी पुसली. पण पुसून काच स्वच्छ होते, प्लास्टरचा गोळा नवा होत नाही. हा गोळा गार आहे. ओला आहे अजून. माझी काच तडकली होती, मॅडम. आज सकाळी कुणीतरी ती काढून दुसरी बसवली आणि माझीच तारीख कोरली. गुरुजी काल तेच सांगत होते मला. मी ऐकलं नाही."

आकांक्षानं मनगट सोडलं. "हे काम येतं कुणाला?"

"इथं दोघांनाच. मला येतं. आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांना."

वर गाणं लागलं आणि तुटलं.

"मी मुक्कामाला शाळेतल्या बायांसोबत होते, सकाळी सहापासून त्यांच्याबरोबर फलक लावत होते. विचारा त्यांना. सर म्हणतात, ते साडेनऊला पोचले. त्यांच्या गाडीच्या काचेवर रात्रीचं दव जसंच्या तसं वाळलंय. वायपर फिरलेलाच नाही. ती गाडी काल संध्याकाळनंतर हललेली नाही. आणि कोठडीची दुसरी चावी आमच्या ऑफिसात नसते, मॅडम. सरांच्या जुडग्यात असते."

पुष्कर सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"सुरक्षिततेच्या पत्रावर सही तुझी आहे, देवश्री."

"हो. पंप लागण्याआधीच्या नोंदींवर केली, पुन्हा न बघता केली. मॅडम, तेही लिहून घ्या."

"आणि काच शाबूत आहे! सगळ्यांसमोर आहे. भिंत हललेली नाही. या तुझ्या नुसत्या—"

टिक्.

आवाज इतका बारीक की लाउडस्पीकर चालू असता तर कुणाला कळलाही नसता. तिसऱ्या काचेवर मधोमध एक उभी रेघ उमटली होती. कुणीही तिला हात लावला नव्हता.

"वर!" देवश्री किंचाळली. "सगळे वर! पळा!"

गळ, दोर, टॉर्च, सगळं तिथंच राहिलं. फक्त पुष्कर सर काचेकडे बघत उभे होते. खुशालरावांनी त्यांचं बखोट धरलं आणि ओढत वर आणलं. ज्याच्यामुळे हातात बेड्या पडायच्या होत्या, त्याला.

काठावर पोचल्यावर सर धपकन मातीत बसले.

"काल संध्याकाळी कुणाला न सांगता आलो, खाली उतरलो तेव्हा काच तुटलेली दिसली," ते म्हणाले. आता आवाजात शांतपणा उरला नव्हता. "आज सकाळी नवी बसवत होतो, तर नारायणराव आले. म्हणाले, मी समितीला सांगणार. मी त्यांना चुन्याचा नमुना दाखवतो म्हणून आत नेलं. कार्यक्रम आटोपेपर्यंतच. एकदा मंजुरी मिळाली की सगळी भिंत नीट बांधता आली असती. बारा वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही हिच्याकडे. संध्याकाळी सोडणार होतो मी त्यांना, खरंच सोडणार होतो."

"साखरेचा आजार ठाऊक होता?" आकांक्षानं विचारलं.

सरांनी मान डोलावली.

"आणि वहाणा?"

"शोधायला लोक पाण्याकडे जावेत म्हणून. कोठडीकडे कुणी बघू नये म्हणून."

या माणसाच्या हाताखाली देवश्री दगड वाचायला शिकली होती. मग तिनं माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि कार्यक्रम होणार नाही, बारवेच्या पन्नास पावलांत कुणी येऊ नये, असं तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फाटला.

सव्वा वाजता भिंत बसली. कोसळली नाही, आधी बसली. पोटात घेतल्यासारखी कोठडी आत गेली, मग ओल्या काळ्या मातीचा अख्खा लोंढा पायऱ्यांवर उतरला. दगड पाण्यात पडत राहिले. गाव लांबून उभं राहून बघत होतं. दुर्गाबाईनं डोळ्यांवर पदर घेतला होता. गुरुजी शुद्धीवर आल्याचा अकोल्याहून फोन आला, तेव्हा कुठं तिनं तो खाली घेतला.

पोलिसांच्या जीपमधून पुष्कर सरांनी मान बाहेर काढली.

"देवश्री... तो डावीकडचा टप्पा. तिथं कोण बसणार होतं?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. पण तिनं दिलं.

"पहिलीची मुलं, सर. लहान आहेत, समितीला नीट दिसावीत म्हणून मीच त्यांना तिथं बसवणार होते."

जीप निघाली. देवश्री खाली वाकली आणि तिला तिथंच उलटी झाली.