उजव्या हाताची खुर्ची

“ताई, माझं नाव सुचवलंय! ऑफिसात नव्यानं लागणाऱ्यांच्या वर्गाला शिकवायला!” धाकटी दारातूनच ओरडली, आणि आईनं ओले हात तसेच तिच्या गळ्यात टाकले... ताई मात्र टेबलाशी बसून बटाटे सोलत होती, ती सोलतच राहिली.

“छान झालं,” ताई म्हणाली. दोनच शब्द, पण ते घशातून वर येताना किती ओरखडे काढत आले, ते तिचं तिलाच ठाऊक!

“शिष्य गुरूच्या पुढे गेला बाई!” आई कौतुकानं म्हणाली. जखम नेमकी कुठे आहे ते आयांना न बघताही सापडतं, आणि त्या बिचाऱ्या प्रेमानं तिथेच मीठ चोळतात.

कारण गुरू ताईच होती! वडील गेले तेव्हा नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर टाकून तिनं ही नोकरी धरली होती. डॉक्टरांनी रुग्णांबद्दल बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि त्याचे अहवाल टाइप करायचे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. अशी बारा वर्षं गेली. धाकटीचं कुठेच काही जमेना तेव्हा ताईनंच तिला हाताशी धरून घरी शिकवलं. हाडांची नावं, औषधांची नावं, अहवालाची मांडणी, सगळं.

“यात पुढे काही आहे का गं? आता तर यंत्रंच लिहितात म्हणे,” धाकटीनं तेव्हा विचारलं होतं.

“यंत्रानं लिहिलेलं तपासायला माणूस लागतोच. कान आणि धीर असला की या कामात मरण नाही. आणि एक लक्षात ठेव, ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडायची. अंदाजानं भरायची नाही! पलीकडे कुणाचा तरी जीव असतो.”

त्या वर्गाला शिकवायला उभं राहायचं, हे ताईचं तीन वर्षांचं स्वप्न होतं. पहिल्या दिवशी काय बोलायचं, तेसुद्धा तिनं आरशासमोर बोलून पाहिलं होतं... आणि ते आता या कालच्या पोरीनं बोलायचं!

मत्सर एकदा आत शिरला की तो घरातल्या खुर्च्यासुद्धा मोजतो. जेवताना ताईच्या उजव्या हाताची खुर्ची आईची. वर्षभरापूर्वी धाकटीनं आईला पलीकडे सरकवून ती बळकावली होती. ऑफिसातही जागा बदलून ती ताईच्या उजवीकडेच येऊन बसली होती. आणि रोज तासभर आधी कशाला जायची? ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमच्या पुढे पुढे करायला, दुसरं काय! ताईचे मात्र दिवस फिरल्यासारखे झाले होते. अलीकडे तिच्या अहवालांत रिकाम्या जागा फार राहत. रेकॉर्डिंगच खराब येतं, असं ती सगळ्यांना सांगे.

दुसऱ्या दिवशी ताईनं सहज आपल्या जुन्या फायली उघडल्या, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक फायलीवर तिच्या नावानंतर धाकटीचं नाव! तपासणीला जाण्याआधी, भल्या सकाळी, धाकटीनं त्या उघडल्या होत्या. म्हणजे मेहनत ताईची आणि श्रेय धाकटीचं! ज्या बहिणीला तळहाताच्या फोडासारखं जपलं, तिनंच...!

ताई तडक मॅडमच्या खोलीत गेली आणि तक्रार करून आली.

दुपारी मॅडमनी दोघींना बोलावलं. “दुसऱ्याची फाइल उघडणं नियमाबाहेर आहे. हिचं वर्गाचं नाव मी मागे घेतेय,” त्या म्हणाल्या. ताईच्या छातीत क्षणभर गार वाटलं. खोटं कशाला बोला, गारच वाटलं!

“पण मला एक कळत नाही,” मॅडम पुढे म्हणाल्या. “हिनं एकही ओळ आपल्या नावावर घेतलेली नाही. फक्त तुमच्या रिकाम्या जागा भरल्यात. सगळ्या बरोबर. नाहीतर सहा महिन्यांपूर्वीच मला तुम्हाला काढावं लागलं असतं. का केलं हे, म्हणून लेखी विचारलं, तर कारणाची जागा तिनं कोरी ठेवलीय.”

ताईनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी खाली मान घालून उभी होती... ताईच्या उजव्या बाजूला. नेहमीसारखी.

आणि मग ताईच्या पायाखालची जमीनच सरकली. डावीकडून मारलेल्या हाका तिला वर्षभर ऐकू येत नव्हत्या. ते तिनं कुणालाही, अगदी स्वतःलासुद्धा, कबूल केलं नव्हतं. आणि या पोरीनं एक शब्द न बोलता फक्त खुर्ची बदलली होती!

“तुला... माहीत होतं?”

“तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही नाही बोलले,” धाकटीचा आवाज फुटला. “तुझं कामच तर तुझा जीव आहे ताई. ते कसं जाऊ देऊ?”

“अगं वेडे! आणि मी तुझ्याच मुळावर उठले...!”

ताईनं टेबलावरचा तो कोरा कागद ओढला. सुबक अक्षरात तिनं लिहिलं: ‘माझा डावा कान गेला आहे, उजव्यानंही आता कमी ऐकू येतं. हे मी लपवलं. माझ्या बहिणीनं मला सांभाळलं. तिचा वर्ग तिला द्या.’

“ताई, लिहू नकोस! तुझी नोकरी जाईल!”

“जाऊ दे. ही जागा मी अंदाजानं भरली नाही.”

त्या दिवशी ताईनं हेडफोन उतरवला तो कायमचा. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि धाकटीचं नाव पुन्हा यादीत घातलं.

रात्री जेवायला बसताना धाकटी बिचकत बिचकत डावीकडे वळली. ताईनं उजवीकडची खुर्ची ओढली.

“इकडे बस. आणि ऐक, अजून जळतेय हं मी. थोडी.”

“जळ की,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. “पण पहिल्या दिवशी वर्गात काय बोलायचं, ते सांग.”

ताईनं बोलायला तोंड उघडलं. तीन वर्षं पाठ केलेलं होतं ते. एक शब्दही विसरली नाही.