भिजत घातलेली होडी

ती बॅटरी विझवा आधी. आणि पिशव्या भरून झाल्या असतील तर गप बसा इथं. उद्या तलावावर निघालात ना? जा की, मी कोण अडवणारा. पण एक ऐकून जा. उडत उडत ऐकलेली गोष्ट नाही ही. ज्याच्यावर बेतलं तो सुतार माझ्या शेजारच्या बाकावर रंधा मारायचा. मला त्यानं ती दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा अक्षराचा फरक पडला नाही.

कारखान्यात त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणायचो. का, तर त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, फाटकातूनच "दाजी, ओ दाजी" करत यायचा. अंगानं काडी, म्हणून तो बारक्या. आईबाप लवकर गेले, तेव्हा बहिणीच्या मागोमाग तिच्या घरी आला तो तिथंच वाढला. दाजींनी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळला, वायरिंगच्या कामाला लावला. पोहणं मात्र काही जमलं नाही त्याला. पाण्यात उतरवला की दाजींच्या मानेला मिठी मारायचा. अरे बाबा, मला घेऊन बुडशील, असं दाजी म्हणायचे आणि हसायचे.

उन्हाळा लागला की दोघं वरच्या तलावावर जायचे. जंगलात तीन रात्री तंबू ठोकायचा, मासे धरायचे. होडी दाजींनी स्वतः घडवलेली, लांबट, दोघांपुरती. तुम्ही कनू म्हणता ना, तशीच. फक्त तुमची प्लास्टिकची आणि ती लाकडाची. लाकडाची होडी वर्षभर शेडमध्ये पडली की फळ्या वाळतात, सांधे सुटतात. तशीच ढकललीत तर चाळणी. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी ती काठाजवळ पाण्यात बुडवून ठेवायची, आत दगड घालून. फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे घट्ट होतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, की होडी तयार. हे काम बारक्याचं. दगडसुद्धा ठरलेले होते, तिथंच तलावाच्या काठावर ठेवलेले. दरवर्षी शोधायला नकोत म्हणून दाजींनी त्यांच्यावर पांढरा पट्टा मारून ठेवला होता.

आणखी दोन नियम होते. एक म्हणजे आपली पिशवी आपण भरायची नाही, एकमेकांची भरायची. पहिल्याच वर्षी दाजी चष्मा विसरले होते आणि हा पांघरूण, तेव्हापासूनचं हे. दुसरा नियम मासे लागायच्या जागेचा. मोठ्या खडकाच्या मागे, झाडं पाण्यावर ओणवी झालीत तिथं, अशी जागा की गळ टाकायचा अवकाश. ती कुणाला म्हणजे कुणाला दाखवायची नाही. दाजींनी स्वतःच्या बायकोलाही सांगितली नव्हती. म्हातारपणी काय ठेवायचं माणसानं, एक बायको आणि एक जागा, असं म्हणायचे.

शाळांना सुट्ट्या लागल्या तो शुक्रवार होता. रात्री साडेनऊ. बायको नर्स, ती रात्रपाळीला गेलेली. शनिवारी पहाटे निघायचं, म्हणून दाजींनी जेवणाच्या टेबलावर सगळा संसार मांडला होता. नकाशा, गळ, दोऱ्याची रिळं, स्टोव्ह, दोन पिशव्या. बारक्या गुरुवारीच शेडमधून होडी घेऊन गेला होता, भिजत घालायला. शुक्रवारी दिवसभर लांबच्या कामावर आहे, रात्री थेट पिशव्या भरायला येतो, असं त्याचं ठरलेलं.

आणि आला की. फाटक वाजलं नाही, हाक आली नाही, एवढंच. दाजींनी मान वर केली तर तो दाराजवळच्या खुर्चीत बसलेला.

कपडे ओले. दाजींना वाटलं, होडी बघायला उतरला असेल पाण्यात. टॉवेल घे म्हणाले. त्यानं घेतला नाही. चहा टाकला, तो टेबलावरच निवत राहिला. दाजींचं आपलं चालूच, यंदा तंबू वरच्या अंगाला ठोकू, दुसऱ्या दिवशी त्या खडकाकडे जाऊ, नवा गळ आणलाय. हा गप्प. एरवी पोपटासारखा बोलणारा माणूस. दमला असेल म्हणून दाजींनी मनावर घेतलं नाही. त्याची पिशवी भरायला घेतली, दाजींची पिशवी त्याच्याकडे सरकवली.

तो ती भरू लागला. सावकाश. पाठमोरा.

"होडी ठेवलीस ना रे पाण्यात?" दाजींनी विचारलं.

त्यानं पिशवीत काहीतरी ठेवलं. मग म्हणाला, "पाण्यातच आहे, दाजी."

"आणि दगड?"

"दगड… राहिले."

आवाज त्याचाच. पण घसा भरलेला, आत पाणी असल्यासारखा. दाजी जरा चिडले. दगड नाहीत तर होडी बुडून राहणार कशी? वाळल्या फळ्यांनी निघायचं का आपण? तो पिशवी भरत राहिला. खुर्चीखाली पाणी साचलं होतं. कपडे निथळून एव्हाना थांबायला हवं होतं ते. थांबत नव्हतं.

दाजींनी पाय मागं घेतले. का, ते कळेना. घरचंच पोर ते. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "आपली जागा कुणाला बोलला नाहीस ना?"

बारक्यानं मान वळवली. दाजींच्या डोळ्यांत बघितलं. आणि मान हलवली… नाही.

फोन वाजला.

फोन खिडकीत होता. दाजी उठून गेले. इस्पितळातून बायको. आधी नुसता श्वास. मग म्हणाली, "आपला बारक्या गेला हो."

दाजींना कळेचना. ती सांगत होती. तो टायरच्या दुकानाचा मालक, बारक्याचा नवा दोस्त, त्याला वॉर्डात आणलाय. वरच्या तलावावर दोघं दुपारी बुडाले. हा ओंडक्याला धरून वाचला. बारक्या नाही वर आला. होडी भराभर पाण्यानं भरली म्हणतोय. कुठल्यातरी खडकाच्या मागं… बारक्यानंच नेलं म्हणतोय, कालपासून तिथंच होते. दाजींना सांगू नको, असं बारक्याच त्याला म्हणाला होता.

"होडी तुमची होती," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

एवढंच बोलले. पाठ टेबलाकडे होती.

वळायचं नव्हतं त्यांना.

मागं… थेंब. एक. मग एक.

मग तेही थांबलं.

वळले. खुर्ची रिकामी. खाली पाणी. पिशवी टेबलावर, तोंड बांधलेलं. गाठ बारक्याचीच, एक वेढा उलटा घेतलेली. लहानपणापासून शिकवून थकले होते दाजी.

मला म्हणाले, खोटं कशाला सांगू, आधी रडू नाही आलं, राग आला. होडी माझी. जागा आमची. आणि तिथं तो टायरवाला! बारक्यानं होडी भिजवायला धीर नाही धरला, कारण शनिवारच्या आत परत येऊन माझ्यासोबत पुन्हा निघायचं होतं, काही घडलंच नाही अशा तोंडानं. रडू नंतर आलं, आणि मग थांबेना.

बारक्या दोन दिवसांनी सापडला. सगळं उरकल्यावर बहिणीनं ती पिशवी उचलायला घेतली, तर उचलेना. दाजींनी गाठ सोडली. पांघरूण नाही, चष्मा नाही, काही नाही. दगड. काठापर्यंत ठासून भरलेले. प्रत्येकावर पांढरा पट्टा.

तलावाच्या काठावर जाऊन बघितलं, तिथं एकही उरला नव्हता.

मी म्हटलं, दाजी, चूक कबूल करायला आला असेल बिचारा. होडीत टाकायचे राहिले ते आणून दिले. ते म्हणाले, असेल. नाहीतर पुन्हा माझ्या मानेला मिठी मारायला आला असेल, ते ओझं माझ्या पिशवीत बांधून. मी दोन्ही माफ करीन. "पण जागेचं मी तोंडावर विचारलं होतं रे त्याला," म्हणाले. "मेल्यावरसुद्धा नाही म्हणाला मला."

एवढं बोलून त्यांनी रंधा उचलला. 

दगड त्यांच्या मागच्या अंगणात आहेत, भिंतीला लावून. ऊन दिवसभर असतं तिथं. मागच्याच आठवड्यात गेलो होतो, दुपारची वेळ, फरशी पायाला चटके देत होती. सहज म्हणून एकावर हात ठेवला.

ओला होता.