फुलीची पाटी

पॅसेंजर गाडीने ठोकरलेल्या मालगाडीच्या शेवटच्या वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, फुलीची पाटी अजून लटकत होती. चेपलेली, पण जागच्या जागी.

तपासनीस तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. आठवड्यात तपासायला आलेला हा त्यांचा दुसरा अपघात. झोप ही आता त्यांना ऐकीव गोष्ट वाटू लागली होती.

ही पाटी मालगाडीच्या अगदी शेवटी टांगतात. पुढच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणाऱ्या काटेवाल्याला ती दिसली, की गाडी अख्खी आली असे मानून मागच्या गाडीला सिग्नल देतात. काल दुपारी मालगाडी वाटेतच तुटली. मागचा निम्मा भाग रुळांवर राहिला आणि त्यावर पॅसेंजर आदळली. तिचा ड्रायव्हर रुग्णालयात होता. पाय राहील की जाईल, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

काटेवाला मात्र म्हणत होता, पाटी मी पाहिली. पाटी तर इथे होती!

तपासनीस स्टेशनात परतले. मालगाडीचा पुढचा भाग तिथे बाजूच्या रुळावर उभा होता. त्याच्या टोकाच्या वाघिणीवर खाणीतल्या दगडाची पांढरी भुकटी बसली होती. हुकाजवळचा एक चौकोन तेवढा स्वच्छ होता, किंचित तिरका. त्यांनी त्यावरून बोट फिरवले आणि काटेवाला बसला होता त्या स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले.

"पाटी खरंच पाहिलीस, की रोज दिसते म्हणून दिसली?"

"पाहिली, साहेब. आठ दिवसांच्या लेकीची शपथ."

"शपथेला वजन नसतं. कुठे होती?"

"उजव्या अंगाला, हुकावर." काटेवाल्याने तळहात कलता धरून दाखवला. "जरा तिरकी होती."

कोपऱ्यात बसलेला मालगाडीचा गार्ड खाकरला. तो काटेवाल्याचा सासरा. "पोरगा खोटं बोलणारा नाही, साहेब. पण घरात तान्हं मूल, रात्रभर जागरण. माणसाची नजर चुकते."

सासऱ्याने जावयाची बाजू अशी घेतली, की जावई आणखी रुतला. संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी जाणार आणि पोलीस येणार, हे खोलीत सर्वांना ठाऊक होते.

तपासनीस मालगाडीच्या ड्रायव्हरकडे वळले. "गाडी तुटली तेव्हा काय जाणवलं?"

"चढ संपताना झटका बसला. मग गाडी हलकी पळायला लागली. म्हटलं, उतार लागला, देव पावला."

"ब्रेक आपोआप लागले नाहीत?"

"लागले असते तर हा तमाशा कशाला झाला असता?"

"गार्डसाहेब, तुम्ही कुठे होतात?"

"इंजिनातच. या गाडीला गार्डाचा डबा नव्हता."

"आणि खाणीत मागच्या वाघिणी कोणी जोडल्या?"

"मीच. तिथे दुसरं माणूस नसतं. पुढच्या भागाची पाटी काढली, ब्रेकच्या हवेची नळी जोडली, तीच पाटी नव्या शेवटाला लावली. मग भरणी झाली आणि निघालो."

"तुमच्या पेटीत आणखी एक पाटी असते."

"असते की. महिनोन्महिने बाहेर आलेली नाही."

"पेटी उघडा."

गार्डाला किल्ली सापडायला वेळ लागला. आतली पाटी तपासनीसांनी खिडकीपाशी धरली. दर्शनी बाजूवर पांढरी भुकटी होती. मागची बाजू स्वच्छ.

"पेटीबाहेर न आलेल्या पाटीवर खाणीची धूळ," ते थकल्या आवाजात म्हणाले. "पुढच्या भागाची पाटी तुम्ही काढलीच नाही. दुसरी पेटीतून काढून शेवटी टांगली. गाडीला दोन शेवट झाले. भरणीची धूळ सगळीकडे बसली, मधल्या पाटीमागे तेवढी बसली नाही. तो चौकोन तिरका आहे. काटेवाल्याने पाटी सांगितली तसाच. नळी जोडलेली असती, तर गाडी तुटताच हवा सुटून दोन्ही भाग थांबले असते. तुम्ही नळी जोडली नाही, मागच्या वाघिणींचे ब्रेक हाताने सोडले आणि जोडही नीट बसला की नाही ते पाहिलं नाही. गाडी नेमकी तिथेच तुटली. पुढचा भाग पाटी मिरवत स्टेशनात आला. तिथे तुम्ही गाडीच्या टोकापर्यंत चालत गेलात, पाटी पाहिलीत, सगळं उमगलं. आणि पॅसेंजर थांबवा म्हणून ओरडण्याऐवजी ती काढून पेटीत टाकलीत."

त्यांनी पाटी मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

"पॅसेंजर तोवर निघाली होती का, हे मला सिद्ध करता येणार नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे."

"सलग दुसरी पाळी होती, साहेब," गार्ड जमिनीकडे पाहत म्हणाला. "दोन वाघिणींच्या मध्ये वाकायला गुडघे तयार नव्हते. पुढच्या महिन्यात निवृत्ती. वाटलं, हा तरुण आहे, सावरेल."

"मामा," काटेवाल्याचा आवाज चढला नाही. "काल घरी तुम्हीच म्हणालात, कबूल करून टाक, शिक्षा कमी होते."



तेवढ्यात बाहेर एक मालगाडी धडधडत शिरली. काटेवाला सवयीने दारात गेला आणि शेवटची वाघीण सरकेपर्यंत बघत राहिला.

"पाटी आहे," तो म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

तपासनीसांनी मान वर केली. खिडकी त्यांच्या हाताशी होती, पण ते उठले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "गाडी अख्खी आली. मागच्या स्टेशनाला कळवा."