जास्तच दाखवणारं भिंग

धुळ्याहून जळगावला येईपर्यंत युवराजच्या कमरेचा पार भुगा झाला होता. मायक्रोस्कोप दुरुस्त करत गावोगाव हिंडायचं म्हणजे काय थट्टा आहे? कुठे भिंगाला बुरशी, कुठे तेलाचा राप. त्यात आईच्या कॅन्सरने वर्षभर सगळ्या घराला पिळून काढलेलं.

ऑपरेशननंतरच्या तपासणीची तिच्या पेशींची एक काचपट्टी त्याने मागून घेतली होती. दोन डॉक्टरांनी बघून सांगितलेलं, रोग उरलेला नाही. तेव्हापासून कुठलंही यंत्र दुरुस्त झालं, की चाचणीला तो हीच पट्टी लावायचा. प्रत्येक भिंगातून आई ठणठणीत दिसायची. तेवढाच जिवाला थंडावा.

जळगावच्या लॅबमधल्या सपनाताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"युवराजभाऊ, हे एवढं भिंग बदलूनच टाका."

"धूसर दिसतं का?"

"नाही हो. जास्तच दिसतं."

हा काय नवा ताप, असं पुटपुटत त्याने आईची पट्टी चढवली, डोळा लावला. जांभळ्या-काळ्या, वेड्यावाकड्या पेशी, नुसती दाटी. त्याने पट्टी शेजारच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. स्वच्छ! परत इथे आणली. परत त्याच पेशी.

सपनाताईंनीही बघितलं आणि मान खाली घातली.

"यात दिसतं ते आधी दुसरीकडे कुठेच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच पेशंटच्या नव्या पट्टीत मात्र सगळीकडे दिसतं. कोणाची आहे ही?"

खिशातला फोन वाजला. आईच होती, लेकाची सगळी खुशाली विचारत.

"भाऊ, बठ्ठं बरं शे ना?"

"हा माय. काम चालू शे."

फोन ठेवताना त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. भिंगच खराब असणार. आतल्या काचेला चरा गेला असेल, बुरशी लागली असेल. असायलाच हवी. त्याने भिंगाची नळी फिरवून काढली, आतली काच धरणारी कडी सोडवली आणि नळी पांढऱ्या फडक्यावर उपडी केली.

काहीच पडलं नाही.

त्याने नळी उजेडाकडे धरली. खिडकीबाहेरची रिक्षा आरपार दिसली. सुई आत घातली, ती कशालाही न लागता पलीकडून बाहेर आली.

नळीत काच नव्हतीच.

त्याने ती रिकामी नळी पुन्हा जागेवर बसवली. डोळा लावला.

पेशी मघापेक्षा वाढल्या होत्या.