शरणीचा तांब्या

दिवा राहू दे मधेच, जवळ सरका. यमनप्पा नळवाला माझ्या शेजारचा. भुताखेतांची टिंगल करणारा माणूस. त्याच्याच तोंडून ऐकलं, म्हणून सांगतो.

नागपंचमीच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, गदगच्या विरुपण्णांनी त्याला बोलावलं. कपडे धुण्याचं मशीन पाणी घेता घेता थांबलं की त्यांच्या भिंतीतला पाइप ठणठण वाजायचा.

"काहीही कर, पण हा आवाज बंद कर," विरुपण्णा म्हणाले. "ही दिवसभर रिकामं मशीन फिरवते नि ऐकत बसते."

त्यांची बायको गंगव्वा मशीनपाशीच बसली होती. पूर्वी लेक शरणी वर न्हायला गेली, की खाली मशीन पाणी ओढायचं आणि वरची धार आटायची. मग पोरगी तांब्यानं पाइपवर दोनदा ठोकायची. म्हणजे आईला सांगणं: अव्वा, मशीन थांबव. लग्नानंतर माहेरी आली तरी तेच.

आमच्याकडे पंचमीला लेक आपली आपण येत नाही, बाप नाहीतर भाऊ आणायला गेला पाहिजे. भाऊ नव्हता. गेल्या साली विरुपण्णांना दुकानाची गडबड. ‘पुढच्या वर्षी आणू,’ म्हणाले. कार्तिकात पोरगी सासरीच तापानं गेली.

यमनप्पानं मशीनचा नळ अर्धा वळवून पाहिला. आवाज उतरला. मग पाइपवर तळहात ठेवला.

"अण्णा, भूतबीत नाही हे. मशीन पाणी एकदम तोडतं, वेगात आलेलं पाणी आतच धडकतं, आणि पाइपची ही पट्टी ढिली. दोन स्क्रूचं काम."

"नको रे तम्मा, भावा माझ्या," गंगव्वा म्हणाली. "तेवढंच बोलते ती आता माझ्याशी."

विरुपण्णांनी मान फिरवली. "आवळ."

त्यानं पट्टी आवळली. मशीन लावलं. पाणी भरलं... थांबलं. आवाज नाही.

गंगव्वानं पाइपला कान लावला. बराच वेळ. मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

"मी गेलो असतो आणायला तर..." विरुपण्णा म्हणाले.

यमनप्पानं मशीन बंद केलं. पिशवी उचलली.

ठण... ठण.

वरून.

"अण्णा, वर पाणी कधी सोडलंत?"

"नाही सोडलं... ती गेल्यापासून वरचा कॉक बंद आहे."

तिघं जिना चढले. न्हाणीला बाहेरून कडी. यमनप्पानं काढली.

आत कोणी नाही. फरशी कोरडी. नळाच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं.

"आणायला कोणी आलं नाही," गंगव्वा हळूच म्हणाली, "तरी आलीस ग बाई."

कोपऱ्यात शरणीचा तांब्या होता. काठोकाठ भरलेला.

पाणी अजून हलत होतं.